डावा तळहात

माझं नाव महादेवप्पा. जळकोटात बसस्टँडच्या मागे मिरची-हळदीचं दुकान, आणि दुकानाच्या मागे घर. मी संशयी माणूस आहे. हे मीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगायची तसदी नको. मिरचीच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली की माणूस तसा होतो. पोत्यात वरची मिरची लालभडक आणि खालची ओली, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय मी पोतं घेत नाही. पुढे माणसांच्या बाबतीतही तीच सवय लागली. माझी बायको शांतम्मा म्हणते, देवळात घंटा वाजली तरी तुम्ही आधी विचाराल, कोण वाजवतंय आणि कशाला.

मुलावर मला शक आला तो असा.

श्रीशैल माझा एकुलता एक. वय एकतीस, अंगाने दणकट, पोतं पाठीवर घेऊन हसत हसत जिना चढणारा. दर आठवड्याला माल आणायला धर्माबादला जायचा. कधी येताना उमरीला सासुरवाडीत मुक्काम करायचा, कारण त्याची बायको अंजू तिथली. धर्माबाद तेलंगणाच्या वेशीवर. तिथं ताडी सहज मिळते असं मी ऐकून होतो, आणि एकदा ऐकलेली गोष्ट मी विसरत नाही. आमच्या घरात कोणी थेंब तोंडाला लावलेला नाही. आम्ही लिंगायत. इष्टलिंग गळ्यात असतं. रोज सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हाताने भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. आमचा देव तळहातावर बसतो, म्हणून तो हात स्थिर लागतो. लिंग हातातून पडणं याच्याइतकं वाईट आमच्याकडे काही नाही. माझ्या आजोबांच्या हातून म्हातारपणी एकदा पडलं, तर ते दोन दिवस जेवले नव्हते.

एका सोमवारपासून घरात काहीतरी शिजायला लागलं. श्रीशैल आणि अंजू स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचे आणि मी गेलो की गप्प व्हायचे. अंजू लगेच पातेल्याचं झाकण उघडून बघायची, पातेलं रिकामं असलं तरी. श्रीशैलने बुधवारी धर्माबादला जायचं रद्द केलं. का, तर म्हणे माल आहे की अजून. माल नव्हता. मी मोजला नसेन का?

मग पूजेची खोली. आजवर पोरगा दार उघडं टाकून पूजेला बसायचा, मधेच आईला चहा टाक म्हणायचा, त्याबद्दल मी त्याला रागावलोही होतो. आता त्याने दार लावून घ्यायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाला, दुकानातली मिरचीची धूळ येते. एकतीस वर्षं आली नाही, आता बरी येऊ लागली.

पूजेच्या खोलीला दुकानाच्या बाजूने एक छोटी खिडकी आहे. हळदीच्या डब्यावर चढलं की आतलं दिसतं. सांगायला लाज वाटते, पण शुक्रवारी सकाळी मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी डब्यावर चढलो. आत श्रीशैल मांडी घालून बसला होता, आणि लिंग त्याने उजव्या तळहातावर घेतलं होतं. डाव्या हाताने भस्म लावत होता. ते बोट एकदा लिंगाला लागायचं, एकदा मनगटाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिणाऱ्याचे हात थरथरतात, हे मला ठाऊक होतं. डावा हात थरथरतो म्हणून याने देवालाच दुसऱ्या हातावर हलवलं. मी खाली उतरलो आणि कोणाला काही बोललो नाही. शांतम्माला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, सरळ विचारा की पोराला. पण विचारलं की चोर सावध होतो. मी ठरवलं, रंगेहाथ धरायचं. तेव्हापासून रोज सकाळी मी खिडकीपाशी, नजर एकदा पोरावर आणि एकदा आतल्या समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर.

पुढचा सोमवार आला. शांतम्मा आणि अंजू सातलाच महादेवाच्या देवळात अभिषेकाला गेल्या. सात-दहाला श्रीशैल आंघोळ करून बाहेर आला. मी दारातलं पोतं सरकवत होतो. तो म्हणाला, "आप्पा, त्याला हात लावू नका. पूजा झाली की मी उचलतो." अगदी स्पष्ट बोलला. त्याच्या आवाजावरही माझं लक्ष होतं, म्हणून पक्कं आठवतं. तो आत गेला, त्याने दार लावलं आणि मी डब्यावर चढलो.

त्या दिवशी लिंग त्याने डाव्या हातावर घेतलं. सोमवार म्हणून असेल, किंवा हात आता बरा झाला असं त्याला वाटलं असेल. बेलाचं पान उचलायला त्याने उजवा हात पुढे केला आणि डावा तळहात हळूहळू कलंडला. तो स्वतः त्याच्याकडे बघत होता, जणू हात दुसऱ्या कोणाचा असावा. लिंग फरशीवर पडलं आणि पाटाखाली गेलं. घड्याळात सात पंचवीस झाले होते.

मी दार ढकलून आत गेलो. श्रीशैल डाव्या अंगावर झुकला होता. तोंड एका बाजूला ओघळल्यासारखं झालं होतं. "आऽपा," असं काहीतरी म्हणाला. जीभ जड, शब्द ओले.

आता जे सांगतो ते सांगायला मला सहा महिने लागले. मी आधी लिंग उचललं. पाटाखाली हात घालून काढलं, तांब्यातल्या पाण्याने धुतलं, डोळ्यांना लावलं आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. त्यानंतर पोराकडे वळलो. आणि वळलो तो त्याच्या तोंडाचा वास घ्यायला.

तंबाखूचा वास आला. दुसरा कोणी असता तर त्याला तेवढ्यावर समाधान वाटलं असतं. मला वाटलं, दारूचा वास लपवायला यानं वरून तंबाखू चघळली. संशयी माणसाला पुरावा नसला तरी अडत नाही, तो नसलेल्या वासाचाही पुरावा करतो.

"सोमवारी पिलास?" मी म्हणालो. तो मान हलवत होता. हो म्हणतोय की नाही, कळत नव्हतं. मी लिंबू पिळून मीठ-पाणी आणलं. नशा उतरवायला तेच देतात. त्याचं डोकं धरून पाजलं. त्याला जोराचा ठसका लागला, आणि निम्मं पाणी डाव्या ओठावरून गळ्यात आलं. बेवड्याची लाळ, असं मी मनात म्हटलं. हे माझेच शब्द आहेत, दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाहीत.

पाटावर उशी दिली, बाहेर आलो आणि दाराला बाहेरून कडी घातली. गल्लीला दिसू नये एवढाच माझ्या डोक्यात विचार. इज्जत. मग दुकान उघडलं. कोणीतरी पाव किलो हळद नेली, कोणी मिरचीचा भाव विचारला. शेजारचा पंचाक्षरी, ज्याची जीप भाड्याने चालते, त्याने विचारलं, श्रीशैल दिसत नाही. म्हटलं, झोपलाय. आतून दोनदा काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी तराजू पुसत राहिलो.

पावणेनऊला दोघी आल्या. मी अंजूला म्हणालो, तुझा नवरा पिऊन पडलाय, उमरी-धर्माबादकडून काय शिकून आला ते बघ. तिने हातातलं पूजेचं ताट गल्ल्यावर ठेवलं. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा नवऱ्याची बाजू घेईल. तिने भलतंच विचारलं.

"मामा, त्यांचा डावा हात हालून राहिला का?"

मी म्हटलं, पिलेल्या माणसाचा हात काय आणि पाय काय. कधीपासून, असं तिने विचारलं. कडीकडे माझी नजर गेली आणि माझ्या तोंडून खोटं निघून गेलं. आत्ताच, साडेआठला, असं मी सांगितलं. सव्वा तास पोराला कोंडून मी हळद विकत होतो, हे सुनेला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

तिने कडी काढली. श्रीशैल पाटावरून खाली सरकून भिंतीपाशी पडला होता. उजव्या हाताने त्याने डावा हात धरून ठेवला होता. लघवी झालेली होती. शांतम्मा दारातच खाली बसली. अंजूने मात्र पंचाक्षरीला जीप काढायला लावली आणि पदराला हात पुसत फोन लावला. लातूरच्या कुठल्या तरी दवाखान्याचा नंबर तिच्या फोनमध्ये आधीपासून होता. तिकडून सांगितलं, मधे कुठे थांबू नका, सरळ या, तोंडाने काही देऊ नका.

नऊला जीप निघाली. मी पंचाक्षरीच्या शेजारी बसलो, मागे अंजूच्या मांडीवर श्रीशैलचं डोकं. शांतम्माला घरी ठेवलं. उदगीर मागे पडलं तरी माझं डोकं थांबेना. हिच्याकडे नंबर तयार कसा? हात हलतो का हेच आधी कसं विचारलं? या दोघांना काहीतरी माहीत होतं आणि माझ्यापासून लपवलं होतं. पोरगा मागे तोंड वाकडं करून पडलेला, आणि मी सुनेची उलटतपासणी मनात रचत होतो. खिशाला हात लागला तेव्हा रुमालातलं लिंग हाताला लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्याच्या अंगावर नव्हतं. तेव्हा कुठे मला भीती वाटली. खरी भीती.

अकराला पोचलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी श्रीशैलला हसायला सांगितलं, अर्धं तोंडच हसलं. दोन्ही हात वर धरायला सांगितले, डावा खाली आला. बीपी घेतलं आणि नर्सकडे बघितलं. मेंदूचा फोटो काढायला आत नेताना त्या आम्हाला म्हणाल्या की मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असावी, लकवा आहे. एकतीसच वय, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, वयाचं काय घेऊन बसलात, या वयाची माणसं आता महिन्याला दोन-चार येतात. फोटोत रक्तस्राव नसला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. पण ते साडेचार तासांच्या आत. उशीर झाला असेल तर त्याच इंजेक्शनने मेंदूत रक्त फुटू शकतं.

"शेवटचं नीट बोलताना त्यांना कोणी पाहिलं? नक्की वेळ सांगा. अंदाज नको."

अंजू म्हणाली, "साडेआठला झालं. मामांनी बघितलं."

डॉक्टरीणबाईंनी साडेआठ लिहून घेतले. म्हणजे एक वाजेपर्यंत वेळ, घाई नाही, असा तो हिशोब झाला. गप्प राहिलो तर माझी कडी, माझं लिंबूपाणी, माझी हळद, सगळं झाकलेलं राहील. आणि ते इंजेक्शन माझ्या खोट्या वेळेवर माझ्या पोराच्या रक्तात जाईल. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोत्यात हात घातला होता. माझ्या पोत्यात खाली काय आहे हे आता भर दवाखान्यात उघडं करायचं होतं.

"साडेआठ नाही," मी म्हणालो. "सात पंचवीस."

अंजूने माझ्याकडे बघितलं.

"सात-दहाला नीट बोलला. सात पंचवीसला लिंग हातातून पडलं. मी घड्याळ बघितलं, कारण मी खिडकीतून पाळत ठेवून होतो. पिऊन आलाय असं वाटलं. लिंबूपाणी पाजलं, ठसका लागला. मग कडी लावून दुकानात बसलो."

डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी साडेआठवर काट मारली, सात पंचवीस लिहिलं आणि नर्सला म्हणाल्या, अकरा पंचावन्नच्या आत द्यायचंय, बीपी आधी खाली आणा. मग मला म्हणाल्या की पाळत ठेवलीत म्हणून निदान मिनिट तरी कळलं, बहुतेक लोकांना तेही सांगता येत नाही. असली शाबासकी माणसाला कधी मिळू नये.

त्यांनी आणखी विचारलं, याआधी कधी असं झालं होतं का, पाच-दहा मिनिटांसाठी का होईना. मी नाही म्हणणार होतो. अंजू म्हणाली, झालं होतं.

आठ दिवसांपूर्वीच्या सोमवारी पूजा करताना त्याचा डावा हात मेला होता. लिंग पडलं होतं. दहा मिनिटांत हात पुन्हा आला. अंजूला लकव्याची शंका आली, तिने माहेरी फोन करून या दवाखान्याचा नंबर घेतला, बुधवारी लातूरला जाऊ म्हणून त्याच्या मागे लागली. म्हणून धर्माबाद रद्द झालं होतं. पण ऐन वेळी त्याने लातूरलाही यायला नकार दिला. जायचं तर आप्पांना सांगावं लागणार, आणि लिंग पडलं हे त्यांना सांगायचं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती धोक्याची सूचना होती. त्या दिवशी आला असता तर कदाचित आजचा दिवस आलाच नसता. मग विचारलं, तंबाखू खातो का? अंजूची नजर माझ्या सदऱ्याच्या खिशावर गेली, जिथून माझी तंबाखूची चंची डोकावत होती. पहिली चिमूट मीच त्याला दिली होती, तो सोळा वर्षांचा असताना, ट्रक उतरवताना झोप येऊ नये म्हणून. व्यसन म्हणजे मी फक्त दारू धरत होतो.

फोटोत रक्तस्राव निघाला नाही, अकरा चाळीसला इंजेक्शन दिलं. आम्ही बाकावर बसलो. अंजू माझ्यापासून दोन माणसं बसतील एवढं अंतर ठेवून बसली होती. मी तिला विचारलं, मला का सांगितलं नाही? लिंग पडलं म्हणून काय मी त्याला घराबाहेर काढलं असतं?

ती चपलेकडे बघत म्हणाली, "मी लई म्हणलं त्यांना, मामांना सांगू. तर ते म्हणले, न्हाई. आप्पा आधी लिंगाचं इचारतील, माझं मागून."

मी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. त्याच्या गळ्यात बांध म्हणालो. मला बांधायचा हक्क नव्हता. मी तिथंच बाकावर रडलो. पंचाक्षरी चहा घेऊन आला आणि तसाच परत गेला.

संध्याकाळपर्यंत त्याचे शब्द जरा सुटे झाले. दुसऱ्या दिवशी पाय उचलला. हाताचं मात्र डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, किती येईल ते आत्ता सांगता येत नाही. लवकर आणला असता तर जास्त आला असता का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, हो. मला खोटं सांगितलं नाही म्हणून मी त्यांचा आभारी आहे.

त्याला सहा महिने झाले. श्रीशैल चालतो, बोलतो, गल्ल्यावर बसतो. पोतं उचलत नाही. डाव्या हाताची बोटं मिटतात, उघडायला वेळ लागतो. चंची मी विहिरीत टाकली, याचं कौतुक कोणी करू नये, ती फार उशिरा गेली. संशय मात्र गेला नाही. सकाळी उठल्यावर मी पोराच्या तोंडाकडे बघतो, दोन्ही ओठ सारखे हलतात का. जेवताना घास कोणत्या बाजूने खातो ते बघतो. तो चिडतो. म्हणतो, आप्पा, तोंडाचा वास बी घेऊन टाका एकदाचा. अंजू अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. पण बीपीचं यंत्र तिने मला वापरायला शिकवलं, आणि आकडा रोज माझ्याकडूनच लिहून घेते.

पूजेचं दार आता उघडं असतं. हात बळकट व्हायला हवा म्हणून तो लिंग डाव्या तळहातावरच घेतो, आणि मी समोर बसतो, माझे दोन्ही तळवे त्याच्या हाताखाली धरून. परवा सोमवारी बेल वाहताना त्याचं मनगट परत कलंडलं. लिंग घरंगळलं, माझ्या तळव्यांत यायला हवं होतं. पण माझे तळवे तिथं नव्हतेच. माझे दोन्ही हात त्याच्या खांद्यांना धरून होते, कधी धरलं मलाही कळलं नाही. लिंग फरशीवर वाजलं आणि पाटाखाली गेलं.

तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. "आप्पा, लिंग पडलं."

"पडू दे," मी म्हणालो. "तू आधी हस बघू."

तो हसला. डावा ओठ थोडा मागे राहिला, रोज राहतो तेवढाच. मी त्याला दोन्ही हात वर करायला लावले, नाव विचारलं, त्याने माझंही नाव सांगितलं. मग कुठे मी पाटाखाली हात घातला.